ग्रँटचं प्रपोजल: कॉल वाचण्यापासून युसी (खर्चाचं प्रमाणपत्र) भरेपर्यंत कुठल्या क्रमाने काय करायचं

कॉल, म्हणजे एजन्सीची अर्ज मागवणारी जाहिरात, आला की आपल्याकडे पहिलं काय होतं, तर माणूस वर्ड उघडतो आणि इंट्रोडक्शन लिहायला बसतो. महिनाभर तेच चालू. मग शेवटच्या चार दिवसात बजेट, एथिक्स, प्राचार्यांची सही, कोटेशन, सगळं एकदम आठवतं आणि धावपळ सुरू. मी मुंबईतल्या एका संलग्न कॉलेजच्या रिसर्च सेलमध्ये बरीच वर्षं हेच बघतोय. सायन्स कच्चं म्हणून प्रपोजल परत आलं तर निदान रिव्ह्यूअरच्या शेऱ्यातून काहीतरी शिकता येतं, पण बजेटमध्ये एचआरए (घरभाडे भत्ता) धरला नाही, चुकीच्या फॉरमॅटवर सही घेतली, मुळात अर्जदार पात्रच नव्हता, असल्या कारणांनी गेलं की वर्ष फुकट जातं आणि हाती काही लागत नाही.

म्हणून खाली क्रम दिलाय. क्रमच महत्त्वाचा आहे, कारण यातल्या एकेक गोष्टी बहुतेकांना माहीत असतात, फक्त त्या उलट्या क्रमाने केल्या जातात.

टप्पा १: कॉल दोनदा वाचा, दुसऱ्यांदा पेन घेऊन

पहिल्या वाचनात विषय बसतो का ते बघायचं. दुसऱ्या वाचनात फक्त पात्रता. त्यात हे शोधा आणि अधोरेखित करा: वय किती चालतं आणि ते कुठल्या तारखेला मोजतात, पद रेग्युलर लागतं का, निवृत्तीला किती वर्षं शिल्लक असायला हवीत, आधीचं एखादं प्रोजेक्ट चालू असेल तर नवीन चालतं का.

सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवणाऱ्यांनी आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी हे पहिल्याच दिवशी बघा, कारण बऱ्याच स्कीममध्ये पीआय (प्रोजेक्टचा मुख्य संशोधक) रेग्युलर पदावरचाच लागतो. तुमच्यात कितीही दम असला तरी पोर्टल तिथेच अडवतं. अशा वेळी एखाद्या रेग्युलर सहकाऱ्याबरोबर को-पीआय (सह-संशोधक) म्हणून जाता येतं का ते कॉलमध्ये बघा. हे आधीच मोकळेपणाने बोलून घ्यायचं, नाहीतर नंतर मनं दुखावतात.

मग संस्थेची पात्रता. कॉलेज यूजीसी कायद्याच्या २(एफ) आणि १२(बी) खाली (म्हणजे यूजीसीची मान्यता आणि निधीची पात्रता) आहे का, एआयएसएचई कोड (उच्च शिक्षण सर्वेक्षणातला कॉलेजचा क्रमांक) काय, खाजगी ट्रस्टचं कॉलेज असेल तर एनजीओ दर्पण या सरकारी नोंदणी पोर्टलचा नंबर आहे का. ऑफिसमध्ये विचारलं की "आहे सर, आहे" असं उत्तर येतं. तेवढ्यावर उठू नका, कागद हातात घ्या आणि स्कॅन करून ठेवा.

अजून एक. सर्बच्या (सायन्स अँड इंजिनीअरिंग रिसर्च बोर्ड) नावाने फिरणारे जुने पीडीएफ आणि जुने फॉरमॅट वापरू नका. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा (एएनआरएफ) कायदा २०२३ चा, तो ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाला आणि सर्ब त्यात विलीन झालं. स्कीमची नावं, फॉर्म, पोर्टल सगळं बदललंय. आमच्याकडे एका मॅडमनी दोन वर्षांपूर्वीच्या मित्राच्या प्रपोजलवर नाव बदलून सगळं तयार केलं होतं, अगदी सही-शिक्क्यासकट. एंडोर्समेंटच्या (संस्थेच्या संमतीच्या) पत्रावर बंद झालेल्या बोर्डाचं नाव तसंच राहिलं होतं.

कुठे अर्ज करायचा हे विषयावर ठरतं. सायन्स-इंजिनीअरिंगला एएनआरएफ, बायोटेकला डीबीटी, वैद्यकीयला आयसीएमआर, सामाजिक शास्त्रांना आयसीएसएसआर (त्यांचं पश्चिम विभागीय केंद्र आपल्या कलिना कॅम्पसमध्येच आहे, जाऊन विचारता येतं), अणुऊर्जेशी जोडलेलं काही असेल तर बीआरएनएस. राज्याचं राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगही आहे. आणि पहिल्यांदाच करत असाल तर मुंबई विद्यापीठाच्या मायनर रिसर्च ग्रँटला नाक मुरडू नका. रक्कम छोटी असते, पण मोठ्या प्रपोजलला लागणारा सुरुवातीचा डेटा त्यातूनच निघतो.

*तपासा: पात्रतेची प्रत्येक अट एका कागदावर, समोर "हो" आणि पुरावा कुठला. एकही "बहुतेक" राहिलं असेल तर पुढे जाऊ नका.*

टप्पा २: कॅलेंडर मागून भरा

डेडलाइनची तारीख लिहा आणि तिथून मागे या. डेडलाइनच्या पाच दिवस आधी अपलोड. त्याच्या आठ दिवस आधी प्राचार्य किंवा रजिस्ट्रार यांच्या सहीला फाइल. त्याच्या आठवडाभर आधी अकाउंट्सकडून बजेट तपासून. त्याच्याही तीन आठवडे आधी कोटेशन मागवलेली. आणि एथिक्स कमिटीची बैठक कधी आहे ते सगळ्यात आधी, कारण बऱ्याच ठिकाणी ती दोन-तीन महिन्यातून एकदाच बसते.

मग त्यावर मुंबईचं कॅलेंडर ठेवा. गणपतीत ऑफिस उघडं असतं पण माणसं कोकणात असतात, दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद, परीक्षेच्या दिवसात प्राचार्य भेटत नाहीत, जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने एखाद-दोन दिवस जातातच. एकदा आमच्याकडे डेडलाइन गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी होती. प्राचार्य सिंधुदुर्गात गावी, नेटवर्क फक्त घरामागच्या टेकाडावर, आणि सही ओल्या शाईचीच हवी असं कॉलमध्ये स्पष्ट लिहिलेलं. पुढचं सांगायला नको.

*सावधान: "इन-चार्ज"ची सही चालते का ते आधीच विचारून ठेवा. बऱ्याच फॉरमॅटमध्ये हेड ऑफ इन्स्टिट्यूट असं असतं आणि इन-चार्जने सही केली तर त्याचं अधिकारपत्र जोडावं लागतं.*

टप्पा ३: आधी स्वतःचं नाव आणि संस्थेचं नाव सरळ करा

हा टप्पा कोणी करत नाही आणि याचा फटका दोन्हीकडे बसतो, प्रपोजललाही आणि संस्थेच्या रँकिंगलाही.

स्कोपसवर (पेपरांची आंतरराष्ट्रीय सूची) स्वतःचं नाव शोधा. तुमचे पेपर दोन-तीन प्रोफाइलमध्ये विभागलेले सापडतील, कारण कुठे वडिलांच्या नावाचं आद्याक्षर आहे, कुठे नाही, आणि बायकांच्या बाबतीत लग्नाआधीचं आणि नंतरचं आडनाव. ते एकत्र करून घ्या, ऑर्किड (संशोधकाचा स्वतःचा आयडी) काढा आणि विद्वान या संशोधकांच्या पोर्टलवरची माहिती अपडेट करा. मगच बायोडेटा लिहा.

मग संस्थेचं नाव. एकाच कॉलेजचे लोक पेपरवर चार प्रकारे नाव लिहितात. कोणी ट्रस्टचं नाव पुढे लावतं, कोणी नुसती आद्याक्षरं, कोणी "मुंबई विद्यापीठ", कोणी अजून "बॉम्बे". एनआयआरएफ (केंद्र सरकारचं संस्थांचं रँकिंग) पेपरची मोजणी स्कोपस आणि वेब ऑफ सायन्सवरून करतं, तुम्ही पाठवलेल्या यादीवरून नाही. नाव जुळलं नाही की पेपर तुमच्या खात्यात येत नाही. विद्यापीठ गटात रिसर्च अँड प्रोफेशनल प्रॅक्टिसला ३० टक्के वजन आहे आणि त्यातल्या १०० पैकी ७० मार्क प्रकाशनं आणि त्यांचा दर्जा यांना, म्हणजे हा काही किरकोळ विषय नाही. उलट्या बाजूनेही रँक कामाला येते, एएनआरएफच्या पेअर स्कीममध्ये कोण हब (मुख्य संस्था) आणि कोण स्पोक (तिच्याशी जोडलेली संस्था) होऊ शकतं हे ठरवताना एनआयआरएफचा क्रमांक बघतात.

रिसर्च सेलने एक ओळ ठरवून टाका, नाव कसं लिहायचं ते, आणि सगळ्यांना पाठवा. एवढंच काम आहे, पण ते करायला आमच्याकडे दोन मीटिंगा लागल्या कारण ट्रस्टींना ट्रस्टचं नाव आधी हवं होतं.

पेपरच्या यादीत भारंभार नावं घालू नका. यूजीसी-केअर ही मान्य जर्नलची यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा "केअर लिस्टेड" असं लिहून आता कोणी प्रभावित होत नाही. रिव्ह्यूअर जर्नलचं नाव बघतो आणि दहा सेकंदात ओळखतो. पैसे भरून छापलेले बारा पेपर लिहिण्यापेक्षा धड तीन लिहा.

टप्पा ४: एक पान लिहा आणि विषयाबाहेरच्या माणसाला द्या

संपूर्ण प्रपोजलच्या आधी एकच पान. प्रश्न काय, आतापर्यंत कोणी काय केलं, काय राहिलंय, तुम्ही काय करणार, तुमच्याकडे त्यासाठी आत्ता काय आहे. हे पान दुसऱ्या डिपार्टमेंटच्या माणसाला द्या. केमिस्ट्रीवाल्याचं पान बॉटनीवाल्याने वाचलं आणि त्याला दोन मिनिटात कळलं नाही, तर कमिटीतल्या सात जणांपैकी पाच जणांनाही कळणार नाही, कारण कमिटीत तुमच्या नेमक्या विषयाचे एक किंवा दोनच असतात.

टप्पा ५: ऑब्जेक्टिव्ह आणि वर्क प्लॅन

ऑब्जेक्टिव्ह तीन पुरे, फार तर चार. आणि ती मोजता आली पाहिजेत.

उदाहरण घेऊ. ठाणे खाडीच्या गाळातलं मायक्रोप्लास्टिक हा विषय आपल्याकडे पाच जण तरी घेतात. "ठाणे खाडीतील मायक्रोप्लास्टिकचा अभ्यास करणे" हे ऑब्जेक्टिव्ह झालंच नाही, हे तर शीर्षक झालं. त्याऐवजी लिहा: "ऐरोली ते वाशी या पट्ट्यात सहा ठिकाणी, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गाळातल्या कणांची संख्या, आकार आणि पॉलिमरचा प्रकार ठरवणे." आता रिव्ह्यूअरला कळतं की किती सॅम्पल, किती फेऱ्या, कुठलं यंत्र, किती खर्च. बजेट या वाक्यातूनच निघतं, आणि म्हणून बजेट नंतर येतं.

वर्क प्लॅनमध्ये लोक सहा-सहा महिन्यांचे चौकोन रंगवतात. चौकोन दिसायला छान असतात पण त्यात पाऊस नसतो. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, बोटवाला त्या काळात बोट ओढून डागडुजीला घेतो, मग तुम्ही जुलैत खाडीत सॅम्पलिंग लिहिलंय ते कशाने करणार? ओहोटीच्या वेळाही बघा. सकाळी नऊचं लेक्चर घेणाऱ्या माणसाला पहाटेची ओहोटी साधून परत यायला जमणार आहे का, हेसुद्धा प्लॅनमध्ये धरायचं असतं. रिव्ह्यूअरला असले बारकावे दिसले की त्याला कळतं की हा माणूस चिखलात उतरलेला आहे.

नॅशनल स्टेटस आणि इंटरनॅशनल स्टेटस हे दोन भाग जवळपास सगळ्या फॉरमॅटमध्ये असतात. तिथे नुसती पेपरची जंत्री देऊ नका. शेवटचा परिच्छेद "मग राहिलं काय" याचाच हवा. आणि "या विषयावर भारतात कोणीही काम केलेलं नाही" हे वाक्य चुकूनही लिहू नका, कारण ज्याने केलंय तोच तुमचा रिव्ह्यूअर निघतो. हे विनोदाने म्हणत नाहीये, झालेलं आहे.

*तपासा: प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसमोर वर्क प्लॅनमधली एक तरी ओळ आणि बजेटमधला एक तरी खर्च आहे का. ज्याच्यासमोर काही नाही ते ऑब्जेक्टिव्ह काढून टाका.*

टप्पा ६: परवानग्या

हा टप्पा बजेटच्या आधी ठेवलाय ते मुद्दाम, कारण परवानगी मिळणारच नसेल तर बजेटवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

माणसांकडून काही घेत असाल, रक्त असो की प्रश्नावलीची उत्तरं, तर एथिक्स कमिटी लागते. समाजशास्त्रवाले नेहमी म्हणतात आमचा फक्त सर्व्हे आहे. धारावीतल्या बायकांना आरोग्यावर प्रश्न विचारणार असाल तर तो "फक्त" सर्व्हे राहत नाही. प्राण्यांवर काम असेल तर प्राण्यांसाठीची संस्थेची कमिटी, ती सीसीएसईएकडे नोंदलेली हवी. जीन इकडचे तिकडे करणार असाल तर बायोसेफ्टी कमिटी. किरणोत्सर्गी काही वापरणार असाल तर एईआरबी (अणुऊर्जा नियामक मंडळ). आयसीएमआरच्या कामात परदेशी भागीदार असेल तर हेल्थ मिनिस्ट्रीची स्क्रीनिंग कमिटी, आणि तिला वेळ लागतो.

वरच्या उदाहरणात तर वनखातं आहे. ठाणे खाडीचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. तिथे जाऊन गाळ उचलायचा तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी लागते. "आम्ही आधी असंच आणलंय" हे प्रपोजलमध्ये लिहिता येत नाही, पेपरमध्येही नाही.

कॉलेजची स्वतःची एथिक्स कमिटी नसेल तर जवळच्या संस्थेची चालते का ते विचारा, आणि चालत असेल तर त्यांचं लेखी पत्र घ्या. काही एजन्सी अर्जाच्या वेळी मंजुरी मागतात, काही म्हणतात पैसे सोडायच्या आधी द्या. दुसऱ्या प्रकारातही अर्ज केल्याची पोच तरी जोडा.

टप्पा ७: बजेट

इथे सगळ्यात जास्त लोक पडतात, म्हणून थोडं थांबू.

*माणसं.* जेआरएफचे (ज्युनिअर रिसर्च फेलो) दर केंद्राने १ जानेवारी २०२३ पासून वाढवले, महिन्याला ३७,००० आणि एसआरएफला (सीनिअर रिसर्च फेलो) ४२,०००. लोक ३७,००० गुणिले ३६ करतात, १३,३२,००० लिहितात आणि पुढे जातात. दोन गोष्टी विसरल्या. एक, मुंबई भत्त्यांसाठी एक्स, म्हणजे सगळ्यात मोठ्या शहरांच्या, वर्गातलं शहर, इथे एचआरए ३० टक्क्यांनी येतो. दोन, तिसऱ्या वर्षी जेआरएफचा एसआरएफ होतो. आता धरा: ३७,००० अधिक ११,१००, म्हणजे ४८,१००, दोन वर्षांचे ११,५४,४००. एसआरएफ ४२,००० अधिक १२,६००, म्हणजे ५४,६००, एका वर्षाचे ६,५५,२००. एकूण १८,०९,६००. फरक पडला ४,७७,६०० चा. हा फरक नंतर कुठून आणणार? कंझ्युमेबल्समधून (केमिकल्स वगैरे वापरून संपणाऱ्या वस्तू) वळवता येत नाही, एजन्सीला विचारावं लागतं, आणि एजन्सी म्हणते की बजेट तुम्हीच दिलं होतं. शेवटी मुलाला एचआरए न देता ठेवतात आणि तो सहा महिन्यात सोडून जातो. तशीही मुंबईत कुणी डोंबिवलीहून, कुणी विरारहून रोज लटकत येणार, त्याला निदान हक्काचे पैसे तरी मिळू देत.

जेआरएफला नेट, गेट किंवा तशी राष्ट्रीय परीक्षा लागते हेही लक्षात ठेवा. तुमच्या मनात एमएस्सी झालेली हुशार विद्यार्थिनी असेल पण तिच्याकडे नेट नसेल, तर पद दुसरं लिहावं लागेल आणि दर वेगळा. तो दर त्या एजन्सीच्या ताज्या पत्रकातूनच घ्या, ऐकीव नको.

*यंत्रं.* मुंबईत बसून "आमच्याकडे एक्सआरडी नाही म्हणून ते विकत द्या" असं लिहिलं की कमिटीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो, पवईला आहे ना? आयआयटीच्या सैफ या सामाईक यंत्रांच्या केंद्रात बाहेरच्यांना पैसे भरून सॅम्पल करून मिळतात, आय-स्टेम पोर्टलवर देशभरातली यंत्रं शोधता येतात. माझं मत सरळ आहे: पहिल्या ग्रँटमध्ये मोठं यंत्र मागूच नका, सॅम्पल तपासणीचे पैसे मागा. यंत्र आलं की त्याचा एसी, यूपीएस, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार), आणि ते चालवणारा माणूस हे सगळं कॉलेजच्या डोक्यावर बसतं. ग्रँट संपल्यावर प्लास्टिकचं कव्हर घालून कोपऱ्यात उभी असलेली यंत्रं प्रत्येक कॉलेजात दाखवता येतील.

छोटं यंत्र खरंच हवं असेल तर तीन कोटेशन घ्या, त्याच स्पेसिफिकेशनची. कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का बघा. संशोधन संस्थांना मिळणारी ५ टक्क्यांची सवलत जुलै २०२२ मध्ये गेली, तरी जुन्या फाइलवरून आकडे उतरवणारे अजून ५ टक्केच धरतात. इंपोर्ट असेल तर कस्टम आणि डॉलरचा भावही. आणि वस्तू जेमवर (सरकारी खरेदीचं पोर्टल) मिळते का ते आत्ताच बघून ठेवा, नंतर खरेदीच्या वेळी अकाउंट्सवाले तेच विचारणार.

*प्रवास, कंटिंजन्सी, ओव्हरहेड.* प्रवासात बोटीचं भाडं आणि टेम्पो लिहा, नुसतं "कॉन्फरन्स" लिहिलं की कापतात. ओव्हरहेड (संस्थेला मिळणारा वरखर्च) एजन्सीच्या नियमाने, स्वतःच्या मनाने टक्केवारी टाकू नका. ओव्हरहेड कॉलेजला जातो, पीआयला नाही, हे काही पीआयंना मंजुरीनंतर कळतं आणि मग उगाच खटके उडतात.

*सावधान: प्रत्येक आकड्यासमोर एक ओळ समर्थन लिहा. "केमिकल्स, ३ लाख" असं नको. किती सॅम्पल, एका सॅम्पलला अंदाजे किती, म्हणून इतके.*

*तपासा: वर्षवार बेरीज आणि हेडवार (खर्चाच्या प्रकारानुसार) बेरीज जुळते का. एक्सेलमध्ये जुळते आणि पोर्टलवर टाकताना एक शून्य कमी पडतं, म्हणून पोर्टलवरचं पान प्रिंट काढून अकाउंट्सच्या माणसाकडून तपासून घ्या. तो पाच मिनिटात चूक शोधतो. त्याला चहा पाजा, पुढे तीन वर्षं त्याच्याशीच गाठ आहे.*

टप्पा ८: सही आणि शिक्के

एंडोर्समेंटचा मजकूर एजन्सीने दिलेलाच घ्या, एक शब्दही बदलू नका. लेटरहेड नवीन, म्हणजे आत्ताच्या फोन नंबरचं. शिक्का सहीच्या बाजूला, सहीवर नको, कारण स्कॅनमध्ये दोन्ही वाचता येत नाही. को-पीआय दुसऱ्या संस्थेचा असेल तर त्यांच्याही प्रमुखाचं वेगळं पत्र लागतं आणि याला सगळ्यात जास्त वेळ जातो, कारण तिकडे तुमची निकड कोणालाच नसते. ते पत्र पहिल्या आठवड्यातच मागून ठेवा.

सहीला फाइल पाठवताना वर एक पानाचं टिपण ठेवा: काय आहे, किती रुपये, कॉलेजवर काय जबाबदारी येते, कुठे सही करायची. सही करायच्या जागी पिवळी चिठ्ठी. प्राचार्यांना अठ्ठेचाळीस पानं वाचायला वेळ नसतो, मग ते "ठेवून जा" म्हणतात आणि फाइल तिथेच राहते.

टप्पा ९: अपलोड

प्लेजरिझम रिपोर्ट आधीच काढा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरतात, पण प्रपोजलमध्ये स्वतःच्याच जुन्या पेपरमधली मेथडॉलॉजी तशीच चिकटवली की आकडा सहज वर जातो.

पीडीएफचा साइझ, फाइलचं नाव, फाँट हे सगळं कॉलमध्ये असतं. मराठी किंवा खास चिन्हं असतील तर पीडीएफ दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. अपलोडनंतर परत डाउनलोड करून पहिलं आणि शेवटचं पान बघा. आणि "सेव्ह" म्हणजे "सबमिट" नव्हे. दरवर्षी एक तरी जण रात्री पावणेबाराला सेव्ह करून झोपतो आणि सकाळी स्टेटस "ड्राफ्ट" दिसतं.

*तपासा: रेफरन्स नंबर असलेली पोच ईमेलवर आली का. नाही आली म्हणजे गेलं नाही असं समजा.*

टप्पा १०: प्रेझेंटेशन, किंवा नकार

बोलावलं तर दहा मिनिटांत दहा स्लाइडच. पहिल्या दोन मिनिटांत प्रश्न आणि तुमचा स्वतःचा डेटा. संस्थेच्या इमारतीचा फोटो नको. प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर "हे मी बघितलेलं नाही, बघून घेतो" म्हणा, कमिटीतले लोक थापा लगेच ओळखतात.

नकार आला तर शेरे आठवडाभर बाजूला ठेवा. मग एक तक्ता करा: शेरा, तो बरोबर आहे का, काय बदललं. पुढच्या कॉलला तेच प्रपोजल तसंच्या तसं पाठवू नका, बऱ्याचदा रिव्ह्यूअर तोच असतो.

टप्पा ११: मंजुरीनंतर

लोकांना वाटतं इथे संपलं. सँक्शन लेटर पूर्ण वाचा, त्यात मंजूर हेड मागितलेल्यापेक्षा वेगळे असू शकतात. खातं कसं आणि कुठल्या बँकेत उघडायचं ते एजन्सी सांगते, पीएफएमएस या सरकारी निधीच्या पोर्टलवर नोंदणी लागते, आणि यात महिना सहज जातो. तोवर जाहिरातीचा मसुदा, सिलेक्शन कमिटी तयार ठेवा, कारण मुदत तुमच्यासाठी थांबत नाही.

पहिल्याच महिन्यात तीन वह्या सुरू करा: हेडवार खर्च, स्टॉक, आणि हजेरी. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, म्हणजे पैसे जानेवारीत आले तरी ३१ मार्चला हिशोब द्यायचाच. युसी जीएफआर १२-ए या नमुन्यात, सोबत स्टेटमेंट ऑफ एक्स्पेंडिचर. दोन्हीतला शिल्लक आकडा रुपयासकट जुळला पाहिजे. युसी गेली नाही की पुढच्या वर्षीचा हप्ता अडकतो, आणि हप्ता अडकला की जेआरएफचा पगार. खात्यावर व्याज आलं असेल तर ते तुमचं नाही, २०१७ च्या जनरल फायनान्शियल रुल्सप्रमाणे ते सरकारजमा करावं लागतं. एका हेडचे पैसे दुसऱ्यात वापरायचे तर आधी लेखी परवानगी, खर्च करून मग पत्र लिहायचं नाही.

टप्पा १२: आकडा नीट कळवा

एनआयआरएफच्या फॉर्मात स्पॉन्सर्ड रिसर्चखाली त्या आर्थिक वर्षात मिळालेली रक्कम विचारतात. आपल्याकडे मंजूर झालेली पूर्ण रक्कम पहिल्याच वर्षी टाकतात आणि पुढच्या दोन वर्षांना परत तीच. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तिसऱ्या क्रायटेरियनमध्ये वेगळ्या पद्धतीने मागतात, तिकडे सँक्शन लेटर पुराव्याला लागतं. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की शंका येतेच. म्हणून एकच शीट ठेवा, प्रत्येक प्रोजेक्टची एक ओळ: मंजुरीची तारीख, मंजूर रक्कम, कुठल्या वर्षी किती आले, बँकेची नोंद कुठे, युसी कधी गेली. शीट रिसर्च सेल आणि अकाउंट्स दोघांकडे, आणि पीआय निवृत्त होताना किंवा सोडून जाताना त्याच्या पेनड्राइव्हमधून कागद काढून घ्या. आमच्याकडे एका जुन्या प्रोजेक्टची मूळ युसी शेवटी सरांच्या बोरिवलीच्या घरी, माळ्यावरच्या बॅगेत सापडली होती.